कराराची किंमत कोणाच्या माथी?

३० जून १९८६ हा राम प्रधान यांच्या सरकारी नोकरीतला शेवटचा दिवस होता. महाराष्ट्र केडरचे हे सनदी अधिकारी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव होते, आणि १९८६ साली देशाचे गृहसचिव. निवृत्तीच्या त्याच दिवशी, रात्र पडल्यावर, त्यांनी केंद्र सरकारच्या वतीने मिझो करारावर सही केली. दुसरी सही मिझो नॅशनल फ्रंटचे नेते लालडेंगा यांची होती, आणि वीस वर्षे चाललेले सशस्त्र बंड त्या कागदाने संपले. त्याआधीच्या अकरा-बारा महिन्यांत आणखी दोन करार झाले होते. २४ जुलै १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते संत हरचंदसिंग लोंगोवाल यांनी पंजाब करारावर सह्या केल्या. १५ ऑगस्टच्या पहाटे आसामच्या विद्यार्थी संघटनेशी करार झाला आणि काही तासांतच त्याची घोषणा लाल किल्ल्यावरून झाली. पुढे २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला.

दोन वर्षांत चार करार, पंतप्रधान एकच, दिल्लीतली यंत्रणाही बरीचशी तीच. यांपैकी मिझो करार आजतागायत टिकला आहे. पंजाब करार सहा महिन्यांत कोलमडला, आसाम कराराची भांडणे चाळीस वर्षांनंतरही सर्वोच्च न्यायालयात चालू राहिली, आणि श्रीलंकेच्या करारापायी सुमारे बाराशे भारतीय जवान प्राणाला मुकले. असे का झाले, याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे मिझोराम लहान होता, एकजिनसी होता, आणि लोक थकले होते. या उत्तरात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. चारही करारांची कलमे शेजारी ठेवून वाचली, तर एक प्रश्न विचारावासा वाटतो: या कलमांची किंमत नेमकी कोण मोजणार होते? सह्या करणाऱ्यांनी ती स्वतः मोजली तेथे करार टिकला, आणि खोलीत नसलेल्या तिसऱ्याच्या माथी मारली तेथे तो फसला, असे माझे म्हणणे आहे. वांशिक संघर्ष मिटवण्याच्या चर्चेत आपण मध्यस्थ, शस्त्रसंधी, विकासाचे पॅकेज यांवर पुष्कळ बोलतो; हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

पंजाबपासून सुरुवात करू. कराराचे सर्वांत ठळक वचन असे होते की, चंडीगड २६ जानेवारी १९८६ रोजी पंजाबला मिळेल आणि त्याच्या बदल्यात पंजाबमधला काही हिंदीभाषक भाग हरियाणाला जाईल. हा भाग कोणता, ते आयोग ठरवणार होता. हरियाणाला पाणी नेणारा सतलज-यमुना जोड कालवा १५ ऑगस्ट १९८६ पर्यंत पुरा व्हायचा होता. आता चंडीगड आणि त्याच्या बदल्यातला भाग या वचनांत खरोखर काही गमावणार होते ते हरियाणाचे आणि पंजाबच्या सीमाभागातले लोक, आणि करारावर यांपैकी कोणाचीही सही नव्हती. दोघा भावांनी आपल्या वाटणीचा तंटा तिसऱ्याच्या शेतातून वाट काढून मिटवावा, तसा हा प्रकार होता.

पुढे जे घडले ते एका गावाच्या नावाने लक्षात राहते. अबोहर आणि फाजिल्का हा भाग हरियाणाला द्यायचा तर तो हरियाणाच्या हद्दीला सलग लागून असायला हवा होता, आणि मध्ये कंदूखेडा नावाचे एक गाव आडवे येत होते. हा भाग ठरवण्यासाठी नेमलेल्या मॅथ्यू आयोगाने जानेवारी १९८६ मध्ये त्या गावात भाषेची शिरगणती करवली. देशाच्या एका महत्त्वाच्या राजकीय कराराचे भवितव्य कंदूखेड्यातली कुटुंबे घरी कोणती भाषा बोलतात, यावर येऊन ठेपले. गावाने पंजाबी सांगितली, सलगता तुटली, आयोगाने हात वर केले, आणि २६ जानेवारीला चंडीगड जिथे होते तिथेच राहिले. पुढेही आयोग नेमले गेले, पण तोडगा निघाला नाही. आयोगाच्या अहवालाने सीमातंटा मिटत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, आणि बेळगावचा दावा घेऊन महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला.

हरियाणात देवीलाल यांनी या कराराविरुद्ध 'न्याययुद्ध' पुकारले आणि १९८७ च्या निवडणुकीत काँग्रेस नव्वदपैकी पाच जागांवर आली. म्हणजे ज्यांच्याकडून किंमत वसूल करायची ठरली होती, त्यांनी मतपेटीतून आपले म्हणणे नोंदवले, आणि ते येणार हे ओळखूनच केंद्राने वचन मोडले होते. दुसऱ्या बाजूला लोंगोवाल यांची सहीनंतर महिनाही उलटायच्या आत, २० ऑगस्ट १९८५ रोजी, हत्या झाली. ज्यांच्या हाती बंदुका होत्या त्यांच्या वतीने ते बोलत नव्हते. सप्टेंबरच्या निवडणुकीत अकाली सत्तेवर आले खरे, पण सुरजितसिंग बर्नाला यांच्या हाती दाखवायला काहीच नव्हते. मे १९८७ मध्ये त्यांचे सरकार बरखास्त झाले आणि पंजाबची सर्वांत रक्तरंजित वर्षे त्यानंतर आली. कालवा अजूनही अपुरा आहे.

आसामची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे आंदोलकांची तक्रार खरी होती आणि आंदोलन बव्हंशी विद्यार्थ्यांचे होते. पण कराराचे मुख्य कलम काय सांगत होते? २५ मार्च १९७१ रोजी किंवा त्यानंतर आलेल्या परकीयांना शोधून देशाबाहेर घालवावे. देशाबाहेर घालवायचे तर त्यांना घेणारा देश हवा, आणि बांगलादेश या कराराचा पक्ष नव्हता. शोधायचे तर ज्यांच्यावर संशय आहे त्यांनी कागदपत्रे दाखवावी लागणार होती, आणि त्या लोकांचाही कोणी प्रतिनिधी त्या पहाटे दिल्लीत हजर नव्हता. त्यांच्या बाजूची आठवण म्हणाल तर फेब्रुवारी १९८३ मध्ये नेल्ली येथे झालेले बंगालीभाषक मुसलमानांचे हत्याकांड अवघे अडीच वर्षांपूर्वीचे होते. सही करणारे विद्यार्थी नेते डिसेंबर १९८५ मध्ये सत्तेवर आले, प्रफुल्लकुमार महंत मुख्यमंत्री झाले, आणि तरीही हे कलम त्यांना अमलात आणता आले नाही. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची यादी आली तेव्हा सुमारे १९ लाख माणसे तिच्याबाहेर राहिली, आणि ती यादी ना आंदोलकांना पटली, ना सरकारला, ना बाहेर राहिलेल्यांना.

शिवाय करारात असमिया लोकांच्या सांस्कृतिक आणि भाषिक संरक्षणाचे वचन होते, त्यात आसाममधले बोडो आदिवासी आपल्याला कोठे पाहणार होते? १९८७ मध्ये उपेंद्रनाथ ब्रह्म यांच्या नेतृत्वाखाली बोडो विद्यार्थ्यांनी वेगळ्या राज्याची चळवळ उभी केली. मग बोडोंशी १९९३ मध्ये करार झाला, तो पुरला नाही म्हणून २००३ मध्ये दुसरा झाला, आणि २०२० मध्ये तिसरा. दरम्यान बोडो प्रदेशातल्या बिगर-बोडोंना आपण कोणाच्या कराराची किंमत मोजतो आहोत असे वाटू लागले, आणि २०१२ च्या हिंसाचारात लाखो लोक छावण्यांत गेले. एका करारातून सुटलेला माणूस पुढच्या संघर्षाचा नायक होतो आणि त्याच्या करारातून सुटलेला त्याच्या पुढच्या संघर्षाचा. ईशान्य भारताचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास अशा साखळ्यांनी भरलेला आहे.

श्रीलंकेच्या कराराबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यातला दोष उघडा आहे. युद्ध सिंहली राज्यसंस्था आणि तमिळ सशस्त्र गट यांच्यात चालले होते, आणि करार झाला तो दिल्ली आणि कोलंबो यांच्यात. शस्त्रे खाली ठेवायची होती प्रभाकरनच्या तमिळ वाघांनी (एलटीटीई), पण सही त्यांची नव्हती. करारापूर्वीच्या दिवसांत प्रभाकरन दिल्लीतल्या हॉटेलात जवळजवळ नजरकैदेतच होता. प्रांतांना अधिकार द्यायचे होते सिंहली बहुसंख्येने, आणि तिची संमती इतकी पातळ होती की, दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला, आणि दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या सिंहली पक्षाचे बंड उसळले. घटनेची तेरावी दुरुस्ती झाली, प्रांतिक परिषदा आल्या. पण पोलीस आणि जमीन हे दोन अधिकार प्रांतांच्या हाती प्रत्यक्षात कधीच गेले नाहीत. ज्या अधिकारांसाठी माणसे मेली, तेच नेमके कागदावर राहिले.

आता मिझोरामकडे वळू, आणि येथे जरा थांबावे लागेल, कारण या बंडाचा आरंभही त्याच्या शेवटाइतकाच शिकवणारा आहे.

मिझो टेकड्यांवर बांबूची एक जात साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच फुलते. फुलोऱ्यानंतर येणाऱ्या बिया खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढते, बिया संपल्या की ते भातावर आणि कोठारांवर तुटून पडतात, आणि दुष्काळ पडतो. मिझो त्याला 'मौताम' म्हणतात. १९११ मध्ये तो आला होता, म्हणून १९५९ मध्ये पुन्हा येणार हे तिथल्या जुन्या जाणत्यांना ठाऊक होते. मिझो जिल्हा परिषदेने ऑक्टोबर १९५८ मध्ये तसा ठराव करून आसाम सरकारकडे पंधरा लाख रुपयांची मदत मागितली. सरकारने ही आदिवासींची अंधश्रद्धा म्हणून बाजूला ठेवली. दुष्काळ वेळापत्रकानुसार आला. मदत उशिरा आणि अपुरी पोहोचली. त्यातच १९६० मध्ये आसामने असमिया ही राज्यभाषा केली. जिल्हा परिषदेच्या कचेरीत काम करणारा, पूर्वी लष्करात हवालदार असलेला एक माणूस दुष्काळनिवारणाच्या संघटनेतून पुढे आला, आणि १९६१ मध्ये त्या संघटनेच्या नावातला 'दुष्काळ' गळून ती मिझो नॅशनल फ्रंट झाली. तो माणूस म्हणजे लालडेंगा.

संघर्ष टाळण्याविषयी लिहिणारे 'पूर्वसूचना यंत्रणा' वगैरे मोठ्या गोष्टी सांगतात. येथे पूर्वसूचना लोकनियुक्त परिषदेने रीतसर ठरावाने दिली होती, रकमेसह दिली होती, आणि घटनेच्या चौकटीत राहणाऱ्या मवाळ मिझो नेत्यांनी दिली होती. ती फेटाळली गेल्याने उपासमार झाली हे तर खरेच. पण मवाळ नेते स्वतःच्या लोकांसमोर निरुपयोगी ठरले, हे नुकसान अधिक खोल होते. पंधरा लाख दिले असते तर बंड झालेच नसते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. इतके मात्र म्हणता येते की, त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर तडजोडीची किंमत वाढतच गेली.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री फ्रंटने आयझॉल, लुंगलेई आणि इतर ठिकाणी एकाच वेळी हल्ले केले आणि दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य घोषित केले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भारतीय वायुदलाने आयझॉलवर बॉम्ब टाकले. स्वतंत्र भारताने आपल्याच शहरावर विमानांतून हल्ला केल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. १९६७ पासून गावे उठवून लोकांना रस्त्यालगतच्या पहाऱ्यातल्या वसाहतींत कोंबण्यात आले; सुमारे साडेसातशे गावांपैकी पाचशेहून अधिक गावे अशी रिकामी झाली. शेती फिरती, डोंगरउतारावरची. रात्री संचारबंदी, सकाळी फाटकावर हजेरी, आणि शेत कोसभर दूर. हे सर्व पाहिले तर तीसच वर्षांच्या आत याच प्रदेशाची गणना देशातल्या सर्वांत शांत राज्यांत व्हावी, हे नवलच म्हणायचे.

करारात प्रत्येकाने काय दिले ते पाहू. लालडेंगा यांनी स्वतंत्र राष्ट्राची मागणी सोडली, शस्त्रे दिली, आणि पक्षाची घटना देशाच्या कायद्याशी जुळवून घेतली. दिल्लीने मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा दिला, आणि घटनेच्या त्रेपन्नाव्या दुरुस्तीने कलम ३७१ जी आणले. मिझोंच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढ कायदे आणि जमिनीची मालकी यांविषयी संसदेने केलेला कायदा मिझोराम विधानसभेच्या ठरावाशिवाय तेथे लागू होणार नाही, असे हे कलम सांगते. दिल्लीने अधिकार दिला तो स्वतःच्या संसदेचा. दुसऱ्या कोणाचा नव्हे.

सर्वांत बोलकी किंमत मात्र एका माणसाने मोजली. त्या वेळी मिझोरामचे मुख्यमंत्री होते काँग्रेसचे लालथनहवला. १९८४ ची निवडणूक त्यांनी रीतसर जिंकली होती. करारासाठी त्यांनी खुर्ची सोडली, ऑगस्ट १९८६ मध्ये लालडेंगा हंगामी सरकारचे मुख्यमंत्री झाले, आणि लालथनहवला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री. दिल्लीतल्या नेत्याने दूरच्या प्रांताच्या मुख्यमंत्र्याला खाली उतरायला लावले, अशी याची संभावना करता येईल, आणि तिच्यात काही अंशी तथ्यही असेल. तरी लोकांनी निवडून दिलेला मुख्यमंत्री कालपर्यंत जंगलातून लढणाऱ्याच्या मंत्रिमंडळात दुसऱ्या क्रमांकावर बसतो, ही आपल्या राजकारणात किती वेळा पाहायला मिळणारी गोष्ट आहे? आपल्याकडे पालकमंत्रिपदावरून आठवडेच्या आठवडे रुसवेफुगवे चालतात.

आणखी एक कलम असे आहे की, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मणिपूर, आसाम, त्रिपुरा या राज्यांतले मिझोवस्तीचे प्रदेश जोडून एकच प्रशासकीय घटक करावा, अशी फ्रंटची मागणी होती. करारात ती मागणी नोंदवली आहे, आणि तिच्यापुढे केंद्राचे उत्तरही नोंदवले आहे: यासाठीची पद्धत घटनेच्या कलम ३ मध्ये दिलेली आहे, परंतु सरकार याबाबत कोणतेही वचन देऊ शकत नाही. पंजाबच्या वेळी दिल्लीने हरियाणाच्या खात्यातून वचन दिले होते. येथे तिने मणिपूरच्या किंवा आसामच्या खात्यातून काहीही देण्यास नकार दिला, आणि तो नकार लपवला नाही. लालडेंगा यांनी तो नकार वाचून खाली सही केली. मिझो करार टिकला यात या एका निर्भीड नकाराचा वाटा फार मोठा आहे, असे मला वाटते.

कराराची खरी परीक्षा सहीच्या दिवशी झालीच नाही. २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य झाले, निवडणुकीत फ्रंटला चाळीसपैकी चोवीस जागा मिळाल्या. पण दीड वर्षात पक्षांतराने सरकार पडले, राष्ट्रपती राजवट आली, आणि १९८९ च्या निवडणुकीत लालडेंगा हरले. वीस वर्षे बंडाचे नेतृत्व केलेल्या माणसाला दिल्लीविषयी संशय घ्यायला याहून चांगले निमित्त मिळाले नसते. पण ना ते जंगलात परतले, ना त्यांचे साथीदार. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे सहकारी झोरामथांगा १९९८ मध्ये निवडणूक जिंकूनच मुख्यमंत्री झाले. खुर्ची सोडणाऱ्या लालथनहवला यांनाही मतदारांनी १९८९ मध्ये ती परत दिली, आणि राज्याच्या इतिहासात सर्वाधिक काळ तेच मुख्यमंत्री राहिले.

थकव्याचा आक्षेप येथे तपासून पाहावा. १९७१ मध्ये बांगलादेश झाल्यावर फ्रंटचे पूर्व पाकिस्तानातले आसरे गेले, चर्चच्या नेत्यांनी दोन्ही बाजूंवर सातत्याने दबाव ठेवला, आणि लोक खरोखर विटले होते. हे सगळे मान्य. पण नागा टेकड्यांतले लोक काय कमी विटले होते? तेथे १९७५ मध्ये शिलाँग करार झाला तो भूमिगतांच्या काही प्रतिनिधींशी. ज्यांच्या हाती संघटना होती त्या नेत्यांनी तो नाकारला, आणि १९८० मध्ये त्यातूनच अधिक कडवा गट उभा राहिला. त्या गटाशी १९९७ पासून शस्त्रसंधी आहे आणि २०१५ मध्ये आराखडा करारही झाला, पण वृहद् नागालिमची मागणी मणिपूर, आसाम आणि अरुणाचल यांच्या भूमीतून पुरी व्हायची असल्याने गाडी तेथेच अडली. थकवा माणसांना चर्चेच्या मेजापर्यंत आणतो. पुढे काय होते, ते मेजावर कोणाचे काय ठेवले जाते यावर ठरते.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. बंदूक उचलणाऱ्याला मुख्यमंत्रिपद मिळाले, तर सनदशीर मार्गाने जाणाऱ्याने काय समजायचे? मिझोराममध्येच ब्रिगेडियर टी. साइलो यांनी लष्करातून निवृत्त झाल्यावर मानवी हक्क समिती काढली, लष्करी अत्याचारांविरुद्ध कायद्याच्या मार्गाने आवाज उठवला, पक्ष काढला, निवडणूक जिंकून मुख्यमंत्रिपद भूषवले. राज्याचा दर्जा मात्र मिळाला तो लालडेंगा यांच्या सहीनंतर. या आक्षेपाला माझ्याकडे संपूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की, हा दोष १९८६ चा नसून १९५८ चा आहे. सनदशीर माणसाला वेळेवर उत्तर न देणारे सरकार पुढे बंदूकधाऱ्याशी बोलायला बसते तेव्हा त्याच्यापाशी न्याय्य असे पर्याय उरलेलेच नसतात. आणि आयझॉलवरच्या बॉम्बफेकीची रीतसर चौकशी व कबुली करारानंतरही झाली नाही. भरपाईचा विषय करारात आहे, उत्तरदायित्वाचा नाही. ५ मार्च हा दिवस मिझो आजही 'झोराम नी' म्हणून पाळतात.

मिझो कराराचे गोडवे गाताना त्यातून सुटलेल्यांना विसरून चालणार नाही, कारण माझ्या म्हणण्याची उलटी बाजू तेथेच दिसते. राज्य मिळाले ते मिझोंना. त्या राज्यातल्या छोट्या समूहांचे काय, हा प्रश्न मागे राहिला. उत्तरेकडच्या ह्मार समाजाच्या संघटनेने शस्त्रे उचलली आणि १९९४ मध्ये विकास परिषदेचा समझोता होईपर्यंत तो लढा चालला. पश्चिमेकडच्या ब्रू लोकांनी स्वायत्त जिल्हा परिषद मागितली, १९९७ मध्ये हिंसा भडकली, आणि तीस हजारांहून अधिक ब्रू त्रिपुरातल्या छावण्यांत गेले. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तेथे काढला, आणि जानेवारी २०२० च्या करारात त्यांना त्रिपुरातच वसवायचे ठरले. दिल्लीकडून आपली जमीन आणि रूढी यांना घटनात्मक कवच मिळवणाऱ्या समाजाला आपल्यापेक्षा लहान समाजाला तसे कवच देणे जड गेले. मिझोंविषयी मनात आदर असूनही हे लिहावेच लागते.

याच कसोटीवर देशाबाहेरचे एक उदाहरण घासून पाहिले तर ती तेथेही लागू पडते. उत्तर आयर्लंडमध्ये तीन दशकांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेल्यावर १० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. आयर्लंड प्रजासत्ताकाने आपल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमातला उत्तरेवरचा भौगोलिक दावा सार्वमत घेऊन सोडला. ब्रिटनने मान्य केले की, तिथल्या बहुसंख्येने ठरवले तर तो प्रदेश आपण सोडू. ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या युनियनवाद्यांनी एकट्याने राज्य करण्याचा हट्ट सोडला, आणि आयर्लंडशी एकीकरण हवे असलेल्या प्रजासत्ताकवाद्यांनी बंदूक. विधानसभा पुढे वर्षानुवर्षे बंद पडत राहिली, पण युद्ध परतले नाही. करारावर बहिष्कार टाकणारे युनियनवादी नेते इयन पेझ्ली आणि प्रजासत्ताकवाद्यांच्या सशस्त्र संघटनेचे, आयआरएचे, एके काळचे नेते मार्टिन मॅकगिनेस यांनी २००७ मध्ये मिळून सरकार चालवले. येथेही एक किंमत इतरांच्या माथी पडली: चारशेहून अधिक कैदी मुदतीआधी सुटले, आणि मारले गेलेल्यांच्या नातेवाइकांना कोणी विचारले नव्हते. आज तिथली सर्वांत ओली जखम तीच आहे.

मणिपूरविषयी बोलताना म्हणूनच तडजोडीचे आकर्षक मसुदे मांडणाऱ्यांपासून सावध राहावे. ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी-झो यांच्यातल्या हिंसाचारात अडीचशेहून अधिक माणसे मेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली, शस्त्रागारांतून हजारो बंदुका लुटल्या गेल्या, आणि मुख्यमंत्री एन. बीरेन सिंह यांचा राजीनामा येईपर्यंत एकवीस महिने गेले. दोन्ही बाजूंच्या मुख्य मागण्या पाहिल्या तर त्यांत एक साम्य आहे. इंफाळ खोऱ्यातल्या मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा हवा, त्याची झळ पहाडी जमातींच्या आरक्षणाला आणि जमिनीला बसणार. पहाडांतल्या कुकी-झो समूहाला वेगळे प्रशासन हवे, त्याची किंमत मैतेई आणि त्याच पहाडांवर दावा सांगणारे नागा मोजणार. दिल्लीने यांपैकी काहीही कोणाच्या हाती ठेवले, तर तो पंजाब करार होईल.

मग प्रत्येकाला स्वतःच्या खिशातून काय देता येईल? खोऱ्याकडे साठपैकी चाळीस जागा आहेत आणि राज्याच्या तिजोरीची किल्लीही तेथेच आहे. पहाडी जिल्ह्यांना आदिवासी भागांना स्वायत्तता देणाऱ्या घटनेच्या सहाव्या अनुसूचीखाली आणण्याची शिफारस राज्याच्या मंत्रिमंडळाने एकाहून अधिक वेळा केली, पण 'स्थानिक फेरबदलांसह' अशी शेपटी जोडून, आणि ती तशीच लोंबकळत राहिली. पहाडी स्वायत्त जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०१५ मध्ये झाल्या, २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, आणि मे २०२३ उजाडला तेव्हाही त्या रिकाम्याच होत्या. तेथे निवडणुका घेणे, आणि ती शेपटी कापून शिफारस पाठवणे, यासाठी खोऱ्याला कुकी किंवा नागा यांच्याकडून काहीही घ्यावे लागत नाही. लागते ते फक्त स्वतःच्या सत्तेतले काही सोडणे. सशस्त्र कुकी गटांकडेही सोडण्याजोगे पुष्कळ आहे: २००८ च्या, लष्करी कारवाया थांबवण्याच्या, स्थगिती समझोत्यानंतरच्या छावण्या आणि तिथली शस्त्रे त्यांच्या ताब्यात आहेत, आणि ती मोजून देण्यासाठी मैतेईंच्या परवानगीची गरज नाही. लुटलेल्या बंदुका खोऱ्यातल्या गटांनीही तशाच परत करायच्या आहेत.

केंद्रालाही यात सूट नाही. २००६-०७ मध्ये बांबू पुन्हा फुलायची वेळ आली, तेव्हा मिझोराम सरकारने काही वर्षे आधीपासून खास योजना आखली, धान्याचे साठे केले, शेतकऱ्यांना पर्यायी पिके दिली, आणि उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे रोख पैसे मोजले. लोक शेपट्यांच्या जुड्या घेऊन सरकारी कार्यालयांत रांगा लावत. पीक गेले, हाल झाले, पण या वेळी दिल्लीनेही पैसा दिला आणि कोणी त्या इशाऱ्याला अंधश्रद्धा म्हटले नाही. मणिपूरच्या पहाडी आमदारांच्या पहाडी क्षेत्र समितीचे ठराव आणि अर्ज आज इंफाळ आणि दिल्लीच्या फायलींत पडून आहेत, आणि त्यांतले कितीतरी १९५८ च्या त्या ठरावासारखेच सनदशीर माणसांनी लिहिलेले आहेत.